पाळीपत्रक, न्याय आणि रुग्णसेवा

रुग्णसंख्या, शस्त्रक्रियांचा तपशील, निर्धन रुग्ण निधीचा विनियोग, देणगीदारांची नामावली आणि लेखापरीक्षित ताळेबंद ही माहिती या वार्षिक अहवालात नेहमीप्रमाणे यथास्थान दिलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र यांपैकी कोणत्याही रकान्यात बसत नाही. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांना आपल्याशी न्यायाने वागले जाते असे वाटते की नाही, आणि त्याचा परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत कसा पोहोचतो, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्यास एक निमित्त आहे. देणगीदारांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. आस्थापना खर्च एवढा का? हीच रक्कम एखाद्या यंत्रासाठी वापरली असती तर अधिक रुग्णांना उपयोग झाला नसता का? यंत्र डोळ्यांना दिसते. त्यावर देणगीदाराच्या मातापित्यांच्या नावाची पाटी लावता येते. रात्रपाळीसाठी नेमलेल्या दोन जादा परिचारिकांच्या नेमणुकीवर अशी पाटी लावता येत नाही. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमा आणि नावे या दोन बाजू जुळविण्यातच त्याचे आजवरचे आयुष्य गेले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर भावनेने न देता शक्य तितके हिशेबाने द्यावे, असा प्रयत्न येथे केला आहे.

न्यायाचे तीन भाग

नोकरीतील न्याय म्हटला की प्रथम वेतन डोळ्यांसमोर येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकात याविषयी मांडलेला विचार कोणाही हिशेबनिसास पटावा असा आहे. माणूस आपल्याला किती मिळाले एवढेच पाहत नाही. आपण किती दिले आणि त्या प्रमाणात किती मिळाले हे तो पाहतो, आणि मग शेजारी काम करणाऱ्याचे तेच प्रमाण काढून दोहोंची तुलना करतो. म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनात एक खातेवही असते. ती कार्यालयाच्या कपाटात नसते, पण रोज लिहिली जाते. तीत तफावत दिसू लागली की माणूस ती भरून काढण्याचा मार्ग शोधतो. काम हळू करतो, आजारपणाची रजा टाकतो, आपणहून काही सांगणे बंद करतो आणि शेवटी राजीनामा देतो. राजीनाम्यात 'घरगुती कारणास्तव' एवढेच लिहिलेले असते.

पुढील अभ्यासकांनी दाखविले की वाटणी हा न्यायाचा केवळ एक भाग आहे. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी तंटे मिटविण्याच्या पद्धतींचा अभ्यास करून १९७५ मध्ये असे मांडले की, आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळाली असेल तर विरुद्ध गेलेला निर्णयही माणूस अधिक सहजतेने स्वीकारतो. ही पद्धतीची न्याय्यता. १९८६ मध्ये रॉबर्ट बीज आणि त्यांचे सहकारी मोॲग यांनी तिसरा भाग पुढे आणला. निर्णय कळविताना कारण सांगितले का, आणि सांगताना समोरच्याचा मान राखला का, हा तो भाग. वाटणी, पद्धत आणि वागणूक अशी ही तीन अंगे आहेत.

धर्मादाय रुग्णालयास ही कल्पना परकी वाटू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, तसेच रुग्णबिलांच्या रकमेतून २ टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा करावा लागतो. त्यापूर्वी गरिबांना सवलत मिळत नव्हती असे नाही. पण ओळख, चिठ्ठी किंवा कोणाची तरी कृपा यांवर ती पुष्कळदा अवलंबून असे. नियम झाल्यावर तिला हक्काचे रूप आले. रुग्णाने कोणापुढे हात जोडावेत याऐवजी कागदपत्रे दाखवावीत, असा हा बदल आहे. रुग्णांच्या बाबतीत जे तत्त्व आपण मानतो तेच कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही मानावयाचे की नाही, एवढाच मुद्दा आहे.

एका पाळीपत्रकाचा हिशेब

रुग्णालयात न्यायाच्या या तिन्ही अंगांची परीक्षा ज्या कागदावर होते तो कागद म्हणजे परिचारिकांचे मासिक पाळीपत्रक, अर्थात ड्युटी लिस्ट. त्याचे साधे गणित पाहू.

समजा, एका वॉर्डात प्रत्येक पाळीत २ परिचारिका असणे आवश्यक आहे. दिवसाच्या ३ पाळ्या आणि आठवड्याचे ७ दिवस, म्हणजे आठवड्याला ४२ ड्युट्या. साप्ताहिक सुटी धरता एक परिचारिका आठवड्यात ६ ड्युट्या करते. ४२ ला ६ ने भागले की ७ परिचारिका पुरतात असे दिसते. मात्र या गणितात कोणी आजारी पडत नाही, कोणाच्या घरी लग्नकार्य निघत नाही, कोणी बाळंत होत नाही आणि कोणी प्रशिक्षणास जात नाही. रजांसाठी सुमारे ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरले की ७ चे ९ होतात. हा दोघींचा फरक आस्थापना खर्चात 'जादा' म्हणून नजरेस भरतो. तो ठेवला नाही तर काम थांबत नाही. कोणाची तरी सुटी रद्द होते, इतकेच.

आता रात्रपाळीकडे वळू. महिन्याच्या ३० रात्री, प्रत्येक रात्री २ जणी, अशा एकूण ६० रात्रपाळ्या होतात. ९ जणींत समान वाटल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ६ किंवा ७ येतात. या नवांपैकी तिघींना काही ना काही कारणाने रात्रपाळी लावली जात नाही असे धरू. मग ६० रात्री ६ जणींवर पडतात आणि प्रत्येकीच्या वाट्यास १० येतात. महिन्याला सरासरी तीन-साडेतीन रात्री वाढल्या, म्हणजे वर्षाला ४० रात्री. या ४० रात्री हजेरीपत्रकात दिसत नाहीत आणि वेतनपत्रकातही दिसत नाहीत, कारण महिन्याच्या एकूण ड्युट्या सर्वांच्या सारख्याच असतात. संस्थेच्या हिशेबात खर्च शून्य. परंतु त्या सहाजणींच्या मनातील खातेवहीत ही रक्कम संस्थेच्या नावे दरमहा पडत राहते.

या सहाजणी बहुधा कोण असतात? जी आवारातील वसतिगृहात राहते, तिला बोलावणे सोपे असते. जी केरळहून किंवा मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातून आलेली अविवाहित मुलगी आहे, तिच्याविषयी 'तिला इथे कुठे संसार आहे' असे सहज म्हटले जाते. गणपती आणि दिवाळीच्या सुट्या स्थानिक कुटुंबवत्सल सहकाऱ्यांना मिळतात. ओणम किंवा नाताळ कधी आला हे इतरांच्या लक्षातही राहत नाही. जी नाही म्हणत नाही, तिलाच पुन्हा विचारले जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पाळीपत्रक तयार करणाऱ्या इन्चार्ज सिस्टरला वॉर्ड चालवावयाचा असतो आणि ती जवळचा मार्ग निवडते. अन्याय बहुधा असाच घडतो. तो कोणी ठरवून करीत नाही. सोयीसोयीने तो साठत जातो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. न्याय म्हणजे सर्वांना सारखेच वागविणे नव्हे. गरोदर परिचारिकेस रात्रपाळीतून वगळणे योग्यच आहे, आणि जिच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे तिला काही काळ सवलत देणेही योग्य आहे. परंतु सवलत लेखी असावी, तिची मुदत ठरलेली असावी आणि तिचा भार उरलेल्या सर्वांत वाटला जावा. एकीची अडचण दुसरीवर न सांगता टाकली गेली, की सवलत मिळालेल्या सहकारिणीविषयीच मनात अढी बसते. ज्या दोघींनी रात्री दोन वाजता एका रुग्णाजवळ एकत्र उभे राहावयाचे, त्यांच्यात असे अंतर पडणे ही किरकोळ बाब नाही.

चांगल्या पद्धतीच्या सहा कसोट्या

पद्धत न्याय्य आहे हे कसे ओळखावे? अमेरिकन अभ्यासक जेराल्ड लेव्हेंथल यांनी १९८० मध्ये सहा कसोट्या सांगितल्या. त्या पाळीपत्रकास लावून पाहिल्या तर सहज समजतात.

पहिली कसोटी सातत्याची. जो नियम जानेवारीत, तोच जूनमध्ये. जो नियम नव्या परिचारिकेस, तोच पंधरा वर्षे सेवा झालेलीस. दुसरी निःपक्षपाताची. ज्या व्यक्तीची स्वतःची सोय एखाद्या निर्णयात गुंतली आहे, तिने तो निर्णय एकटीने घेऊ नये. तिसरी अचूक माहितीची. 'ही नेहमीच रजा घेते' हे मत झाले. गेल्या बारा महिन्यांची रात्रपाळ्यांची, सणासुदीच्या ड्युट्यांची आणि रद्द झालेल्या सुट्यांची नावनिहाय बेरीज ही माहिती झाली. चौथी दुरुस्तीची. निर्णय चुकला असेल तर तो कोणाकडे न्यावयाचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल हे ठाऊक असावे. पाचवी प्रतिनिधित्वाची. ज्यांना त्या पाळ्या करावयाच्या आहेत त्यांचे म्हणणे यादी अंतिम होण्यापूर्वी ऐकले जावे. सहावी नीतीची. तक्रार केली म्हणून पुढच्या महिन्यात सलग रात्रपाळ्या लागू नयेत.

आपल्या रुग्णालयात या कसोट्यांना अनुसरून तीन साध्या गोष्टी केल्या जातात. पुढील महिन्याची यादी प्रथम कच्च्या स्वरूपात फलकावर लावली जाते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. रात्रपाळ्या व सणांच्या ड्युट्या यांची वर्षभराची बेरीज प्रत्येक नावापुढे त्याच फलकावर असते. ड्युटीची अदलाबदल नोंदवहीत दोघींच्या सह्यांनी होते. यांपैकी कशालाही खर्च नाही. एक रेघी वही आणि थोडा धीर लागतो. बेरीज सर्वांसमोर आली की पुष्कळ वाद आपोआप मिटतात. ज्यांना आपल्यावर अन्याय होतो असे वाटत असते, त्यांच्यापैकी काहींना आपली बेरीज इतरांपेक्षा कमी असल्याचेही याच फलकावर आढळते.

कारण सांगण्याचे मोल

संस्थेजवळ पैसा मर्यादित असतो. प्रत्येक मागणी मान्य करता येत नाही. मग नकार देणारी संस्था न्यायी असू शकते काय? याचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्यास चांगला आधार आहे.

जेराल्ड ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत एकाच कंपनीचे कारखाने होते. काम कमी झाल्यामुळे दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात करावी लागली. एका ठिकाणी कामगारांना एकत्र बोलावून कारणे, आकडे आणि खेद या तिन्ही गोष्टी सांगितल्या गेल्या, प्रश्नांना उत्तरे दिली गेली. दुसऱ्या ठिकाणी निर्णय थोडक्यात कळविला गेला. कपातीच्या काळात दोन्हीकडे मालाची चोरी वाढली. परंतु जेथे नीट समजावून सांगितले होते तेथे ती दुसऱ्या ठिकाणापेक्षा स्पष्टपणे कमी होती. कपात सारखीच होती. वागणूक निराळी होती.

त्याच अभ्यासकाची २००६ ची पाहणी तर आपल्याच क्षेत्रातील आहे. चार रुग्णालयांतील परिचारिका तीत होत्या. दोन रुग्णालयांत वेतनपद्धती बदलल्यामुळे परिचारिकांचे उत्पन्न घटले आणि त्यांच्यात निद्रानाशाच्या तक्रारी वाढल्या. त्यांपैकी एका रुग्णालयातील पर्यवेक्षकांना हाताखालच्या माणसांशी आदराने बोलणे, माहिती देणे व म्हणणे ऐकून घेणे यांचे प्रशिक्षण देण्यात आले. तेथील परिचारिकांची झोप तुलनेने सुधारली, आणि सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. पगार वाढला नव्हता. फिनलंडमधील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, जेथे कर्मचाऱ्यांना पद्धत व वागणूक अन्याय्य वाटत होती तेथे आजारपणाच्या रजा आणि मानसिक अस्वास्थ्य अधिक आढळले. अन्यायाची भावना शरीरापर्यंत पोहोचते, हे रुग्णालयास कोणी निराळे सांगावयास नको.

मात्र यातून कोणी असा अर्थ काढू नये की गोड बोलले म्हणजे पगार कमी दिला तरी चालते. वागणूक ही वाटणीची जागा घेऊ शकत नाही. अडचण खरी असेल तेव्हाच कारण सांगण्याला अर्थ असतो. तेच कारण दरवर्षी सांगितले गेले की ते कारण राहत नाही.

रुग्णाच्या खाटेपर्यंत

हे सर्व कर्मचाऱ्यांविषयी झाले. रुग्णाचा यात काय लाभ, असे नातेवाइकांनी विचारणे योग्य आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाची लघवीची पिशवी पहाटे रिकामी करावयास गेलेल्या मावशींच्या लक्षात येते की रात्रीपासून तीत जवळजवळ काही साठलेलेच नाही. लघवीचे प्रमाण घटणे हे पुष्कळदा गंभीर बिघाडाचे पहिले चिन्ह असते. नोंद ठेवणे परिचारिकेचे काम, अर्थ लावणे डॉक्टरांचे. पण त्या क्षणी ती गोष्ट ज्यांनी पाहिली त्या मावशी आहेत. त्या सिस्टरना सांगतील की नाही? मागच्या वेळी काही सांगावयास गेल्या असता 'तुमचं काम करा' असे उत्तर मिळाले असेल, तर सांगणार नाहीत. ज्या सिस्टरच्या वाट्याला महिन्यातील दहावी रात्रपाळी आली आहे आणि जिची कालची सुटी न विचारता रद्द झाली आहे, ती तरी झोपेतून डॉक्टरांना उठविण्याचा धोका पत्करील काय? रुग्णालयातील संघभावना म्हणजे स्नेहसंमेलनातील एकत्र छायाचित्र नव्हे. खालच्या पायरीवरील माणसाने पाहिलेली गोष्ट वरच्या पायरीपर्यंत वेळेत पोहोचणे, ही तिची खरी खूण आहे.

हार्वर्डमधील अभ्यासिका एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डात सहकार्य चांगले तेथे चुका कमी आढळतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा वॉर्डांत नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. खोलात जाता उलगडा झाला, तो असा की तेथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. विश्वस्तांनी एखाद्या विभागाचा 'शून्य चुका' असा अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे. चूक सांगणाऱ्यास काय वागणूक मिळते, यावर त्या शून्याचा अर्थ अवलंबून असतो. डॉक्टरांच्या चुकीस 'गुंतागुंत' म्हणावयाचे आणि वॉर्डबॉयच्या चुकीस 'हलगर्जीपणा', असे दोन शब्दकोश जेथे असतात तेथे सत्य नोंदवहीत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेली सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणीयादीही येथे आठवते. ज्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील, त्या डॉ. अतुल गावंडे यांनी या कामाचे नेतृत्व केले. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, तर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीत रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविक औषध, कापडी घड्यांची मोजणी असे मुद्दे आहेतच. पण छेद घेण्यापूर्वी उपस्थितांपैकी प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगावे, हाही एक मुद्दा आहे. सुधारणा या एका मुद्द्याने झाली असे कोणी म्हणणार नाही. तो यादीत का आहे हे मात्र स्पष्ट आहे. ज्याने आरंभी एकदा तोंड उघडले, तो पुढे घडी कमी भरत असताना गप्प बसण्याची शक्यता कमी होते.

'सेवा' या शब्दाविषयी

धर्मादाय संस्थेत एक धोका विशेष असतो आणि त्याचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. 'आपण येथे सेवा करतो' हे वाक्य उदात्त आहे. परंतु ते कोण कोणास उद्देशून म्हणतो, हे पाहिले पाहिजे. विश्वस्त मानद असतात. त्यांनी स्वतःविषयी ते म्हणणे शोभते. जिच्या पगारावर घर चालते अशा परिचारिकेस किंवा आयाबाईंस जादा पाळीच्या मोबदल्याऐवजी ते वाक्य ऐकविले, तर सेवेचा अर्थ पालटतो. ज्याला सर्वांत कमी मिळते त्याच्याकडून सर्वांत अधिक त्यागाची अपेक्षा करणे, हे सेवाभावाच्या नावाखाली घडू नये. सेवाभाव माणसाने स्वतः होऊन द्यावयाचा असतो. तो पगारपत्रकातून वजा करून घ्यावयाचा नसतो.

याबाबत मार्गदर्शक मापही उपलब्ध आहे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार केंद्र शासनाने समिती नेमली. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत परिचारिकांचे वेतन राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकांइतके असावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत ते त्याहून १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, आणि त्याहून लहान रुग्णालयांतही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशा शिफारशी समितीने केल्या. आपल्या वेतनश्रेणी या मापाशी ताडून पाहण्याचा तक्ता विश्वस्त मंडळापुढे दरवर्षी असावा, असे प्रशासनाचे मत आहे. माप समोर असले की चर्चा दयेची राहत नाही, हिशेबाची होते.

कुंपणाबाहेरचे सहकारी

संघ म्हणताना आपण कोणाकोणास मोजतो, हा यापुढील प्रश्न. स्वच्छता, सुरक्षा आणि काही ठिकाणी स्वयंपाकघर यांची कामे रुग्णालयांत आता पुष्कळदा कंत्राटदारामार्फत होतात. वॉर्डात सर्वजण त्यांना मामा आणि मावशी म्हणतात. नात्याचा हा शब्द आपल्याकडील रुग्णालयांचे एक चांगले वैशिष्ट्य आहे. पण मावशी म्हणून हाक मारावयाची आणि बसावयास जागा, जेवणाची वेळ व आठवड्याची सुटी यांची विचारपूस कंत्राटदारावर सोपवावयाची, यात विसंगती आहे.

एक उदाहरण पुरे. वापरलेल्या सुया व रक्ताने माखलेला कचरा प्रत्यक्ष उचलणारा माणूस हा पुष्कळदा हाच कंत्राटी कामगार असतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अनुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांचे कावीळ-ब आणि धनुर्वात यांपासून संरक्षणासाठी लसीकरण करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. कावीळ-ब लशीच्या तीन मात्रांना मात्र सुमारे सहा महिने लागतात. कंत्राटदाराने दर तीन-चार महिन्यांनी माणसे बदलली तर तिसरी मात्रा कोणासच मिळत नाही. कागदोपत्री मोहीम झालेली असते, माणूस असुरक्षित राहतो. म्हणून लसीकरणाचे कार्ड कंत्राटदाराकडे न ठेवता रुग्णालयाने स्वतः ठेवणे आणि निविदेच्या अटींतच मनुष्यबळाच्या स्थैर्यास महत्त्व देणे आवश्यक ठरते. सर्वांत कमी दराची निविदा नेहमीच स्वस्त पडते असे नाही.

आगामी वर्षासाठी प्रशासनाने विश्वस्त मंडळापुढे दोन प्रस्ताव ठेवले आहेत. परिचारिकांच्या मंजूर पदांत रजाराखीव पदांचा स्वतंत्र समावेश करणे हा पहिला. कंत्राटी स्वच्छता कामगारांना लसीकरण, साप्ताहिक सुटी, विश्रांतीची खोली व उपाहारगृहाची सवलत कायम कर्मचाऱ्यांप्रमाणेच देणे आणि तसे निविदेत नमूद करणे हा दुसरा. दोन्हींस आवर्ती खर्च आहे. ते मान्य झाल्यास एखाद्या उपकरणाची खरेदी लांबणीवर पडू शकते, हे येथे लपविण्याचे कारण नाही. निर्णय मंडळाचा आहे. उपकरणाची किंमत बीजकावर छापलेली असते. थकलेल्या आणि दुखावलेल्या माणसांच्या हाती ते उपकरण दिल्याची किंमत कोठेही छापलेली नसते. दोन्ही किंमती समोर ठेवून निर्णय व्हावा, एवढीच प्रशासनाची विनंती आहे.

वाचकांस नम्र निवेदन

देणगीदारांस विनंती अशी की, देणगी देताना 'परिचारिका प्रशिक्षण', 'कर्मचारी विश्रांतिगृह' किंवा 'सर्वसाधारण निधी' या शीर्षांचाही विचार व्हावा. या रकमेचा विनियोग त्याच काटेकोरपणे कळविला जाईल.

विश्वस्तांस विनंती अशी की, वॉर्डांच्या भेटीत एकदा पाळीपत्रकाच्या फलकापाशी थांबून वर्षभराच्या बेरजा पाहाव्यात. दहा मिनिटे पुरतात, आणि कर्मचाऱ्यांना आपली बेरीज कोणीतरी वाचते हे कळते.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक विशेष विनंती आहे. रुग्ण बरा झाल्यावर किंवा घरात बाळ आल्यावर समोर दिसणाऱ्या मावशींच्या वा मामांच्या हातावर बक्षिसी ठेवण्याचा मोह होतो. भावना चांगली असते. परंतु ती त्या क्षणी समोर असलेल्यासच मिळते. ज्यांनी रात्री चादरी धुतल्या, ज्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक केली, ज्यांनी पथ्याचे जेवण रांधले ते कधीच समोर नसतात. शिवाय, ज्या कुटुंबाजवळ देण्यास काही नाही त्याच्या मनात, आपल्या माणसाकडे कमी लक्ष दिले जाईल काय, अशी भीती उत्पन्न होते. म्हणून बक्षिसी कोणाच्या हाती न देता स्वागतकक्षातील पेटीत टाकावी. ती सर्व विभागांत समान वाटली जाते. आणि ज्यांची सेवा आवडली त्यांचे नाव अभिप्राय-वहीत अवश्य लिहावे. नाव लिहावयाचे म्हणजे ते विचारावे लागते, आणि आपले नाव कोणी विचारले याचे मोल येथे काम करणारा प्रत्येकजण जाणतो.



– प्रशासक